वणव्यात घर सोडायची वेळ आली तर ट्रॅव्हल ट्रेलर कामाला येतो का? हायवे ५० वाले सांगा

टेकडीवरची

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही कॅलिफोर्नियात प्लेसरव्हिलच्या खालच्या बाजूला, हायवे ५० पासून आत डोंगरउतारावर राहतो. ओकची झाडं, हरणं, टर्की, सगळं छान आहे पण ऑगस्ट उजाडला की डोळा आगीची खबर देणाऱ्या वॉच ड्यूटी ॲपवर आणि नाक खिडकीला. २०२१ च्या काल्डर आगीत आमच्या अंगणात नुसती राख पडली, पण वरचं ग्रिझली फ्लॅट्स जवळजवळ एका रात्रीत गेलं, आणि पोलक पाइन्सच्या ओळखीच्या कुटुंबाला दुसऱ्याच दिवशी निघावं लागलं तेव्हा त्यांना खालपर्यंत हॉटेल मिळेना, कुत्रा म्हटलं की तर फोनच ठेवायचे.

तर आता नवऱ्याच्या डोक्यात ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, शिरलाय. एरवी वीकेंडला समुद्रावर न्यायचा आणि आग लागली की तेच घर ओढत निघायचं, असा त्याचा एका दगडात दोन पक्षी मारायचा बेत. एक सेकंडहँड बघूनही ठेवलाय, २१ फुटी, रिकाम्याचं वजन ३८०० पाउंड, १६ हजार डॉलर मागतोय. गाडी आमची टोयोटा हायलँडर, विकणारा म्हणतो ५००० पाउंडाची कपॅसिटी आहे मग कसली चिंता. घरात आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, कुत्रा, आणि दर उन्हाळ्यात नाशिकहून सासू-सासरे येतात म्हणजे बरोब्बर आगीच्या सीझनमध्येच. सासऱ्यांचे गुडघे दुखरे, शिवाय रात्री झोपेत श्वास अडू नये म्हणून सीपॅप मशीन लावून झोपतात.

फिरायला जाण्याचं कौतुक मला रोज ऐकवलं जातं त्यामुळे ते सोडा. मला एवढंच कळत नाही की मागे आग लागलेली असताना कोण तो ट्रेलर गाडीला जोडत बसणार? ज्यांच्याकडे आहे त्यांनी खरं काय ते सांगा, घाबरवलंत तरी चालेल.

रॉकलिनचा_बंड्या

ताई, आधी हायलँडर हायब्रिड आहे का ते सांगा. हायब्रिड असेल तर विषयच संपला, ती ३५०० च्या वर ओढत नाही. साधी पेट्रोलवाली असेल तर बहुतेक मॉडेलना ५००० बरोबर आहे पण तो विकणाऱ्याचा लाडका आकडा, आपला नाही. तुम्ही ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, चौकटीवर एक स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांच्या वर नको असं त्यावर लिहिलेलं असतं. समजा तिथे १४०० आहे. आता ट्रेलर रिकामा ३८००, त्यात ३० गॅलन पाणी भरलं की २५० पाउंड तिथेच, मग दोन गॅस सिलिंडर, बॅटरी, भांडी, पांघरुणं, खुर्च्या, ४७०० ला कधी पोचलात कळणारसुद्धा नाही. त्यातलं १० ते १५ टक्के वजन पुढच्या दांड्यावरून गाडीच्या पाठीवर येतं, म्हणजे धरा ६००, आणि ५००० वाल्या हिचला (गाडीमागचा, ट्रेलर जोडायचा सांधा) तिथे साधारण ५०० चीच परवानगी असते ती तर आधीच गेली. वर पाच माणसांचे ७०० आणि कुत्र्याचे ६०. झाले १३६०. आता सासूबाईंची बॅग डिकीत ठेवून दाखवा.

आणि कॅलिफोर्नियात चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसं बसवता येत नाहीत बरं का, आजोबा मागे आरामात झोपतील असं काही डोक्यात असेल तर काढून टाका. सगळे गाडीतच.

अजून एक, तुमच्याकडून निघायचं म्हणजे खाली उतरायचं. लोक विचारतात गाडी चढेल का, अरे बाबा पळताना चढायचं कुठे आहे, मागून चार-पाच हजार पाउंड ढकलत असताना वळणावर थांबेल का ते विचारा. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतात पण ते गाडीत ब्रेक कंट्रोलर बसवला तरच चालतात. तो नीट ॲडजस्ट करून घ्यायचा, उतारावर गिअर खालचा, आणि ट्रेलर ओढताना आपल्याकडे स्पीड लिमिट ५५ आहे, धुरात तेवढाही नको.

मी विरोधात नाहीये, माझ्याकडे स्वतःचा आहे आणि मला तो प्रिय आहे. पण हायलँडरला १७-१८ फुटी, रिकामं वजन तीन हजाराच्या आतला बघा. २१ फुटी पाहिजे तर मग पिकअप घ्या, आणि हे तुमच्या मिस्टरांना सांगू नका नाहीतर तो लगेच हो म्हणेल 😀

सांता_रोझाची_मिनू

टेकडीवरची, तुझा शेवटचा प्रश्नच खरा प्रश्न आहे. मी सांता रोझात राहते, २०१७ ची टब्स आग आमच्या शेजारच्या भागातून गेली. ८ ऑक्टोबरला रात्री पावणेदहाच्या सुमाराला कॅलिस्टोगाजवळ पेटली आणि वारा असा की पहाटेच्या आत डोंगर उतरून, सहा लेनचा १०१ हायवे ओलांडून कॉफी पार्कमध्ये घुसली. सपाट, शहरी वस्ती ती, तिथे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. लोक नाइट ड्रेसवर निघाले. वीज गेलेली म्हणून गॅरेजचं दार उघडेना, ती लाल दोरी ओढली की दार मोकळं होतं हे कित्येकांना त्या अंधारात सुचलंच नाही. त्यानंतरच नियम आला की १ जुलै २०१९ पासून नवीन ओपनरला बॅटरी बॅकअप पाहिजे. तुझा ओपनर जुना असेल तर आजच सासऱ्यांसकट सगळ्यांना ती दोरी दाखव.

आता त्या रात्री कोणी ट्रेलर जोडला असता का? गाडी मागे घेऊन बॉल बरोबर कपलरखाली आणायचा, लॅच पाडून पिन घालायची, दोन्ही साखळ्या खालून एकमेकींवरून क्रॉस करून लावायच्या, सात पिनांचा प्लग, ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी ब्रेकअवेची तार, मग जॅक वर, चारही स्टॅबिलायझर वर, चाकांखालच्या उट्या काढायच्या. उजेडात, सवयीचा हात असला तरी वीस मिनिटं. आणि जॅक इलेक्ट्रिक असेल नि ट्रेलरची बॅटरी उतरलेली असेल तर हाताने हँडल फिरवत बसा, तेही कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते आठवलं तर.

म्हणून फरक लक्षात ठेव. इव्हॅक्युएशन वॉर्निंग आणि इव्हॅक्युएशन ऑर्डर. वॉर्निंगमध्ये स्वच्छ सांगतात की ज्यांना निघायला वेळ लागतो, ज्यांच्याकडे जनावरं आहेत त्यांनी आत्ताच निघा. ट्रेलरवाले त्यातच आले. ऑर्डर म्हणजे ताबडतोब निघायची सक्ती, ती आली की ट्रेलरचं नाव काढायचं नाही, माणसं, कुत्रा, कागदपत्रं आणि गाडी. २०१८ च्या कॅम्प फायरमध्ये पॅराडाइज गावातून खाली यायला मोजकेच रस्ते, मुख्य तो स्कायवे, आणि सगळा तुंबलेला. ८५ माणसं गेली. तशा रस्त्यात एक आडवा झालेला ट्रेलर म्हणजे मागच्या सगळ्यांची वाट बंद. तुझ्या घरापासून हायवेपर्यंतचा रस्ता केवढा आहे, समोरून फायर इंजिन आलं तर ट्रेलर घेऊन बाजूला होता येईल का, ते एकदा गाडीतून उतरून बघ.

पण ट्रेलर निरुपयोगी नाही. आमच्याकडे खरा उपयोग झाला तो नंतर. घर जळलेल्या एका मैत्रिणीचं कुटुंब नातेवाइकांच्या ड्राइव्हवेमध्ये ट्रेलर लावून राहिलं, मुलांची शाळा तीच राहिली, कुत्रा बरोबर. इन्शुरन्सचं आणि भाड्याच्या घराचं जमेपर्यंत त्यांना तेवढा आडोसा पुरला.

हिशेबी

मी नेहमीप्रमाणे दुधात मिठाचा खडा टाकायला आलोय. १६ हजार ट्रेलर, ब्रेक कंट्रोलर आणि वजन वाटून देणाऱ्या वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे हजार-बाराशे, टायर जुने असतील तर तेही, एचओए (घरमालकांची सोसायटी) असेल तर दारात ठेवू देणार नाहीत म्हणजे स्टोरेज, महिन्याला १०० धरलं तरी वर्षाचे १२००, वर इन्शुरन्स, रजिस्ट्रेशन. मोठी आग तुमच्या दाराशी दर वर्षी येत नाही. आली तरी दहा रात्री हॉटेल २०० ने म्हणजे २०००. कुत्रा चालणारी मोटेलची चेन शोधून नंबर फोनमध्ये ठेवा, वॉर्निंगची वाट न बघता रेड फ्लॅगच्या (आगीच्या धोक्याचा इशारा असलेल्या) दिवशीच कॅन्सल होणारं बुकिंग टाका, प्रश्न मिटला.

घराच्या इन्शुरन्समध्ये लॉस ऑफ यूज म्हणून एक कव्हर असतं, सक्तीच्या ऑर्डरमुळे बाहेर राहावं लागलं तरी बऱ्याच पॉलिसी काही दिवसांचा खर्च देतात, पावत्या जपून ठेवायच्या. तुमच्या भागात नेहमीच्या कंपन्या सोडून जातायत आणि लोक फेअर प्लॅनवर (दुसरीकडे विमा मिळत नाही त्यांच्यासाठीची शेवटची सोय) चाललेत, तिथे हे कव्हर आहे का ते वेगळं विचारून घ्या, गृहीत धरू नका. ट्रेलरमधल्या सामानाचंही तसंच.

मिस्टरांना फिरायची हौस असेल तर हौस म्हणून घ्या की, कोण नाही म्हणतंय. पण हौसेला सुरक्षेचं लेबल लावून घरात मंजूर करून घ्यायचं हे आपल्याकडे जुनंच आहे.

ह्युस्टनचे_काका

हिशेबीराव, तुमच्या गणितात एक गोष्ट राहिली, सगळं गाव एकाच वेळी हॉटेल शोधत असतं. २००५ साली सप्टेंबरमध्ये रिटा वादळ येणार म्हणून इथून वीस-पंचवीस लाखांहून जास्त माणसं एकदम रस्त्यावर आली, महिनाभर आधी कॅटरिना बघितलेली म्हणून कोणी थांबायला तयार नव्हतं. तासन् तास गाड्या जागच्या हलेनात, पेट्रोल संपलं, उकाडा असा की विचारू नका. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी बस डॅलसजवळ पेटली त्यात २३ म्हातारी माणसं गेली. वादळाने मेली त्याच्यापेक्षा निघण्याच्या गोंधळात जास्त मेली. त्या ट्रॅफिकमध्ये मागे ट्रेलर म्हणजे पेट्रोल आणखी लवकर संपणार हे खरं, पण ज्यांच्या मागे संडास आणि पाण्याची टाकी होती ते त्यातल्या त्यात सुखी होते हेही खरं.

आमच्याकडे नियम साधा, वादळ चालू असताना ट्रेलरमध्ये थांबायचं नाही, तो वाऱ्याने उलटतो. वादळ गेल्यावर तो सोन्याचा. २०२४ च्या जुलैमध्ये बेरिल आलं, वीस लाखांवर घरांची वीज गेली आणि आठवडा झाला तरी कित्येकांची आली नव्हती. घरात ३४-३५ डिग्री. आम्ही ड्राइव्हवेमधल्या ट्रेलरचा एसी जनरेटरवर चालवला, शेजारची तान्ह्या बाळाची आई आणि आमची ही आत, मी आणि शेजारी बाहेर खुर्च्या टाकून. जनरेटर खिडकीपासून लांब आणि धुराचं तोंड पलीकडे, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आत चालू आहे ना ते रोज बघायचं, दर वादळानंतर त्याच्यानेच माणसं दगावतात.

अगदी नवा घेणार असाल तर उन्हात दारं-खिडक्या उघडून बरेच दिवस वास जाऊ द्या. कॅटरिनानंतर फेमाने (सरकारी आपत्ती खातं) लोकांना ट्रेलर दिले त्यात फॉर्माल्डिहाइड वायूचा त्रास झाला होता, सीडीसीने (सरकारी आरोग्य संस्था) २००८ मध्ये तपासणी जाहीर केली तेव्हा प्रमाण नेहमीच्या घरांपेक्षा जास्त निघालं. त्या दृष्टीने सेकंडहँड बरा, पण छताला गळती आहे का ते कोपरे दाबून बघा. मऊ लागला की परत फिरा.

फ्रीमाँटची_मावशी

सगळे वजनं आणि पिना सांगतायत, सासू-सासऱ्यांना घेऊन त्यात राहायचं कसं ते कोणी सांगेना, म्हणून मी.

एक, संडास. आपली माणसं पाणी वापरणार, वापरायलाच पाहिजे, पण त्या डब्यात प्रत्येक टाकीला माप आहे. संडासाच्या, म्हणजे काळ्या पाण्याची टाकी ३० गॅलनची असेल तर पाच माणसांत किती दिवस, तुम्हीच बघा. छोटा तांब्या ठेवा, मोठा मग लपवा. भांडी घासायचं पाणी वेगळ्या टाकीत जातं, तीही भरतेच. टाक्या रिकाम्या करायचं डंप स्टेशन जवळ कुठे आहे ते आधी माहीत पाहिजे.

दोन, फोडणी. मोहरी तडतडायच्या आधी स्मोक अलार्म तडतडतो. वरचा पंखा लावून, खिडकी किलकिली करून करायची, पण बाहेर वणव्याचा धूर असेल तर खिडकी उघडता येत नाही, त्यामुळे त्या दिवसांत कुकरचा वरण-भात, मेतकूट, दही, दडपे पोहे. सासूबाईंना आधी सांगून ठेवा.

तीन, धूर. ट्रेलरच्या भिंती पातळ, फटी भरपूर, आत धूर येतोच. २० इंची बॉक्स फॅनला बारीक धूर गाळणारा मर्व्ह १३ चा फिल्टर टेपने चिकटवून आत चालवत ठेवा, स्वस्त आणि मस्त. एन ९५ आजी-आजोबांच्या मापाचे घरात हवेत.

चार, पायऱ्या. ट्रेलरची घडीची पायरी उंच आणि हलणारी असते, गुडघेवाल्या माणसाला रात्री उतरताना भीती वाटते. बाहेरच्या बाजूला धरायला दांडा आहे का बघा, आणि खाली एक रुंद पक्का स्टूल.

आणि त्यांचे पासपोर्ट, ट्रॅव्हल इन्शुरन्सचे कागद, भारतातून आणलेली औषधं हे सगळं एका पिशवीत आणि ती पिशवी गाडीत, ट्रेलरमध्ये नाही. ट्रेलर सोडून द्यावा लागला तर? इथे त्यांची ती गोळी तशीच्या तशी मिळत नाही, डॉक्टरची चिठ्ठी लागते, म्हणून गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो फोनमध्ये.

रॉकलिनचा_बंड्या

मावशी 🙏 फोडणीचा मुद्दा शंभर टक्के.

मिनूताईंचं वाचून एक सुचवतो. ट्रेलर घेऊन पळायचंच कशाला? मे-जूनमध्ये गवत पिवळं पडलं की ट्रेलर खाली व्हॅलीत आणून ठेवायचा, कोणा मित्राच्या मोकळ्या बाजूच्या आवारात किंवा रोझव्हिल-लिंकनकडच्या स्टोरेजमध्ये. पाऊस पडला की परत वर. म्हणजे ऑर्डर येवो की वॉर्निंग, तुम्ही नुसती गाडी घेऊन उतरायचं, घर खाली तयार उभं. एचओएचा प्रश्न सुटला, अरुंद रस्त्याचा सुटला, रात्री हिच शोधायचा सुटला. वर डोंगरात स्टोरेज घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं, आग आली की तो प्लॉटही त्याच झोनमध्ये आणि वीज गेली की गेटचा कीपॅड बंद.

यात अडचणी आहेत, व्हॅलीत ऑगस्टमध्ये ४० डिग्री, एसी पाहिजेच आणि तो बॅटरीवर चालत नाही. मित्राच्या घराच्या साध्या सॉकेटवर १५ ॲम्पियर मिळतात, त्यात एसी एकटा कसाबसा चालतो, सोबत मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडलाच. एक्स्टेन्शन वायर जाड घ्या, १० गेजची, बागेतली बारीक केशरी वायर लावाल तर ती गरम होते आणि एसीचीही वाट लागते. ३० ॲम्पियरचा पॉइंट असलेली जागा मिळाली तर उत्तम. मोठ्या आगीत कधी कधी काउंटी फेअरग्राउंड (जत्रेचं मैदान) आरव्हीवाल्यांना (ट्रेलर, चाकांवरची घरं) उघडतात पण जो आधी येईल त्याला, आणि सगळ्या जागांना हुकअप (वीज-पाण्याची जोडणी) नसतो.

काल्डरच्या वेळी आमच्याच ड्राइव्हवेत पोलक पाइन्सचे मित्र आमच्या ट्रेलरमध्ये राहिले. घरात खोली रिकामी होती, तरी त्यांनी ट्रेलरच मागितला. दिवसभर फोनवर इन्शुरन्स, शेरीफचे नकाशे, घर आहे की गेलं, आणि रात्री त्यांना कोणाशी हसून बोलायचं नव्हतं. दार लावून बसायला आपली अशी जागा हवी होती. हिशेबी, हे तुमच्या तक्त्यात बसत नाही पण आहे.

आणि फिरणं ही चैन धरू नका हो. जो ट्रेलर महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर निघतो त्याचीच बॅटरी जिवंत असते, त्याच्यातच उंदीर नसतात, आणि मिस्टरांचा हात बसतो. समुद्रावरच्या बोडेगा ड्यून्स कॅम्पग्राउंडला जा, हुकअप नाही तिथे, टाक्या आणि बॅटरी किती पुरते ते नेमकं कळतं. स्टेट पार्कचं बुकिंग सहा महिने आधी सकाळी ८ वाजता उघडतं, ८ वाजून ५ मिनिटांनी शिल्लक राहते ती संडासाशेजारची साइट. टायर मात्र वरून चकचकीत दिसले तरी साइडवॉलवर डीओटीच्या पुढचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या वरचे असतील तर किंमत पाडून घ्या आणि घरी आणण्याआधी बदला.

हिशेबी

खाली आणून ठेवायची कल्पना पटली. मग मात्र एक अट, सीझनभर तो तिथे उभा राहणार म्हणजे उन्हाळ्यात फिरायला जाणं त्या मित्राच्या घरून. मिस्टर तयार आहेत का?

टेकडीवरची

सगळ्यांचे मनापासून आभार, नवऱ्याला शेजारी बसवून वाचायला लावलं. हायलँडर पेट्रोलवालीच आहे पण स्टिकरवर १३७० निघाले, त्यामुळे बंड्याचं गणित ऐकून तो २१ फुटी गप्प बाजूला ठेवला. आता १७ फुटी बघतोय, रिकामं वजन २९०० च्या आसपास, झोपायला चौघांची सोय आणि पाचवी मुलगी, तिला तंबूत झोपायचंच आहे. आणि हो, ट्रेलर खालीच राहणार, फॉल्सममध्ये त्याच्या ऑफिसमधल्या एकाच्या घराला बाजूला आरव्हीची फरशी आणि ३० ॲम्पियरचा पॉइंट आहे, तो नाममात्र भाड्याने द्यायला तयार आहे. गॅरेजची लाल दोरी सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर बघून घेतली, म्हणाल्या ही तर आमच्या चाळीतल्या पाण्याच्या टाकीसारखी.

एकच राहिलं, वीज नसताना सासऱ्यांचं सीपॅप ट्रेलरच्या बॅटरीवर चालेल का? रात्रभर?

ह्युस्टनचे_काका

चालतं. माझंही आहे. मशीनच्या कंपनीची १२ व्होल्टची डीसी केबल मागवा, इन्व्हर्टर लावून उगाच बॅटरी खाऊ नका. ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद ठेवायची, खरी वीज तीच खाते. तसं केलंत तर १०० ॲम्पियर-अवरच्या लिथियम बॅटरीवर दोन-तीन रात्री सहज निघतात, जुनी लेड-ॲसिड असेल तर निम्मीच धरा. ते आले की एका रात्री फॉल्सममध्येच प्लग काढून झोपवून बघा. केबल मात्र आत्ताच मागवा, प्रत्येक मॉडेलची पिन वेगळी असते.